थॉर्नमियरच्या दरवाजात थांबलेली मुलगी

मी, श्रीमती नंदिनी गोटीराम तांडेल, वय ६७, निवृत्त हेडक्लार्क, मूळ गाव करावे, हल्ली राहणार सीवूड्स, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणू शकेल असा माणूस आमच्या गावात अजून जन्मलेला नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. संघप्रिया यांचा दाखला सोबत जोडला आहे. सोमवारी हृदयाचे ऑपरेशन आहे, म्हणून घाई. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहता फ्लॅट, बँकेतील ठेवी आणि माझे दागिने माझ्या भावाची मुलगी रुतिका हिला मिळावेत. विनाअट. पुढे ज्या सूचना येतील त्या विनंत्या समजाव्यात. मला विनंती करायची सवय नसल्यामुळे त्या हुकमासारख्या वाटतील, त्याला इलाज नाही.

२. भाऊ जयदेव यास बाबांची जाळे विणायची लाकडी सुई द्यावी. एवढेच. कारण त्याला ठाऊक आहे, तरी लिहिते.

सप्टेंबर २०१९ मध्ये माझी एकुलती एक मुलगी अर्पिता डेंग्यूने चार दिवसांत गेली. सव्वीस वर्षांची होती. नवरा ती चार वर्षांची असतानाच गेला होता, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. तेराव्याला गेलेल्या माणसाच्या वस्तू देऊन टाकायची आमच्यात रीत आहे. कपडे मी दिले. जयदेवने मला न विचारता तिचा गेमचा कन्सोल जासईला मिथुन नावाच्या ओळखीच्या मुलाला दिला. मी जाब विचारला तेव्हा म्हणतो, "अगो, गेलेल्या पोरीची वस्तू घरान ठेवाची नसते. तुला काय खेलाचं हाय काय आता?"

मी रिक्षा केली आणि कंटेनरच्या ट्रकांमधून वाट काढत जासई गाठली. मिथुनने कन्सोलला हळदकुंकू लावून टीव्हीशेजारी मांडले होते. म्हणाला, "काकी, मी नवीन गेम चालू केलाय. ताईचा हाय तसाच हाय, हात नाय लावला." पोरगा खरे बोलत होता. कन्सोल मी त्याच रिक्षाने परत आणला. त्याच्यावर माझा राग नाही. जयदेववर आहे.

३. सदर कन्सोल आणि 'थॉर्नमियर' या खेळाचे चारही भाग रुतिकाला. कधी, ते कलम ६ मध्ये आहे.

हा खेळ माझ्या गळ्यात कसा पडला ते नोंदवते. दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. जयदेव म्हणाला, "अर्पू, तुझ्या आईला आमी सांभालू." कावळा हलला नाही. साहजिक आहे, तिने मामाला ओळखले होते. मग कोणी म्हणाले वर्षश्राद्ध नीट करू, कोणी आणखी काही. उन्हात तासभर गेला. शेवटी पंधरा वर्षांची रुतिका मागून बोलली, "अर्पूताई, तुझा गेम अर्धा राहिलाय ना? आत्या पूर्ण करेल."

कावळा आला.

कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी माझ्यातले असले सगळे विश्वास छडीने काढले होते. मी आजही म्हणते की कावळ्याला भूक लागली होती. पण शब्द माझ्या नावाने दिला गेला, तोही मला न विचारता, आणि दिलेला शब्द हा शब्द असतो.

४. रुतिका, तू एकदा विचारले होतेस, "आत्या, हे नेमकं कुठून चालू करायचं?" तेव्हा मी तुला झिडकारले. उत्तर आता देते.

पहिल्या भागापासून. इंटरनेटवरचे शहाणे सांगतील, पहिल्यातली चित्रे जुनाट आहेत, तिसऱ्यापासून घे. ऐकू नकोस. एका भागात केलेली निवड पुढच्या भागात चालत येते. मी पहिल्या भागात नदीतल्या एका पोराला बुडू दिले, कारण पोहायचे बटण मला सापडले नाही. तिसऱ्या भागात त्याची आई बाजारात भेटली आणि तिने मला ओळखले. त्यानंतर आठवडाभर मी कन्सोल लावला नाही.

अवघडपणा 'सोपा' वर ठेव. आपण गोष्ट ऐकायला जातो, कोणाला शौर्य दाखवायला नाही. जादूगार हो, तलवारवाल्यांना फार धावावे लागते. संवाद पळवू नकोस. प्रत्येक मोहिमेनंतर तळावर जाऊन सोबत्यांशी बोल, त्यांची चौकशी कर. मी सुरुवातीला बोललेच नाही, तर अर्ध्या लोकांनी साथ सोडली. ऑफिसातही माझे तेच झाले होते, पण तिथे परत पहिल्यापासून खेळता आले नाही.

तुझा खेळ तिसऱ्या कप्प्यात साठव. दुसरा कप्पा माझा आणि पहिला अर्पिताचा आहे.

५. सोसायटीचे सेक्रेटरी अश्विन यांना मी काही ठेवत नाही, पण खुलासा ठेवते. अर्पिताने खेळातल्या मुलीला स्वतःचा चेहरा दिला आहे. अगदी भुवईवरच्या व्रणासकट. दोन मिनिटे कोणी बटण दाबले नाही की ती वळते, सरळ पडद्याबाहेर बघते आणि विचारते, आता कुठे जायचे. मी स्वयंपाक करताना ते चालूच ठेवते. अश्विन दारात आले. "मॅडम, तुमच्याकडून लेडीज आवाज येतो. पीजी ठेवली असेल तर सोसायटीला कळवायला लागतं, पोलीस व्हेरिफिकेशन असतं."

मी म्हटले, "माझी मुलगी आहे."

"कोणती मुलगी?"

"एकच होती."

तेव्हापासून ते माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढत नाहीत.

६. पहिले तीन भाग मी माझ्या कप्प्यात तीन वर्षांत पूर्ण केले आणि मग अर्पिताचा चौथा भाग उघडला. ती शेवटच्या दरवाजापाशी येऊन थांबली होती. तिथे सोबतचा नावाडी विचारतो, इथून पुढे गेलीस तर परत फिरता येणार नाही, तयार आहेस? उत्तरे दोनच आहेत: 'हो' आणि 'अजून नाही'.

गेली तीन वर्षे मी 'अजून नाही' दाबते आहे.

विचारणाऱ्यांना मी डोळ्यांचे कारण दिले, मग गुडघ्यांचे, आता हृदयाचे. खरे असे आहे की ती आत गेली की गोष्ट संपते, पडद्यावर नावे येतात आणि या घरात मी एकटी उरते. म्हणून मी तिला उंबऱ्यावर उभे करून ठेवले आहे. कावळ्यावर माझा विश्वास नाही, तरी ती ताटकळते आहे हे मला कळते. सोमवारनंतर उठले तरी मी 'हो' दाबणार नाही, हेही मला माहीत आहे.

तेव्हा रुतिका, माझ्या मरणाची वाट बघायची नाही. येत्या रविवारी सकाळी जेवायला ये. कन्सोल मी त्या दिवशीच तुझ्या ताब्यात देणार आहे. पहिला कप्पा उघड आणि 'हो' दाब. मी शेजारी बसेन. मी तुझा हात धरला तर सोडवून घे.

वैशाली या माझ्या वकील. त्या म्हणाल्या, जिवंतपणी द्यायची वस्तू मृत्युपत्रात लिहीत नाहीत. कायद्याने बरोबर असेल. साक्षीदारांसमोर लिहिले म्हणजे मला रविवारी माघार घेता येणार नाही, म्हणून लिहिले.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. एकही शब्द खोडायचा नाही.

(सही) नंदिनी गोटीराम तांडेल

आमच्या समक्ष सही केली:
१. ॲड. वैशाली म्हात्रे, बेलापूर
२. डॉ. संघप्रिया कांबळे, नेरूळ

स्थळ: सीवूड्स, नवी मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार