अप्पांचा सॉना

नांदेड,
४ जानेवारी २०२५

चि. श्रीशैल,
अ. उ. आ.

फोन केला की तू तो दुकानात अप्पांसमोरच स्पीकरवर टाकतोस, म्हणून मुद्दाम पत्र लिहितेय. अप्पांना दाखवू नको.

अव्वा सांगत होती, मागची कोठीची खोली रिकामी करून तू अप्पांच्या गुडघ्यांसाठी सॉना बसवून राहिलास. अरे बाबा, विचारलंस कुणाला? आमच्या कॉलनीतल्या जिममध्ये सॉना आणि स्टीम दोन्ही आहेत. सॉना म्हणजे लाकडी खोली, तापलेले दगड आणि ऐंशी अंशांची कोरडी धग. मी मंगळसूत्र घालूनच बसले, तर वाट्यांनी असा चटका दिला की गळ्यावर डाग उठला. स्टीमच्या खोलीत वाफेनं समोरचं माणूस दिसत नाही, पण ताप पंचेचाळीसच्या आसपासच राहतो.

अप्पा गळ्यातलं इष्टलिंग झोपेतही काढत नाहीत. त्याची चांदीची डबी त्या धगीत तापली तर छातीचं काय होईल? त्यात त्यांना बीपी. करायचंच तर स्टीम कर.

इकडं सगळं बरं आहे. तुझे दाजी तुझी रोज आठवण काढतात, म्हणजे टिंगल करतात. चिडलास तरी माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
नीलम्मा

लातूर,
१० जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जिममध्ये एकदा बसलीस आणि लगेच इंजिनिअर झालीस का गं? स्टीमला छतापर्यंत फरशी लागते, हवाबंद दार लागतं, पाण्याचा निचरा लागतो, वर बॉयलर. आणि पाणी? तू लातूरचीच ना? आपल्या बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर क्षाराचे थर चढतात, तिथं बॉयलर किती टिकणार? भिंतीला ओल येऊन शेजारच्या खोलीतल्या तुरीच्या पोत्यांना बुरशी लागेल ते वेगळंच. सॉनाला बटण दाबलं की झालं.

आणि तुझ्या चांदीचा प्रश्न अप्पांनीच सोडवला. लई खूश हायेत. डबी बाहेर अव्वाच्या हातात देतात, लिंग तळहातावर घेतात आणि आत बसून सकाळची पूजाच करतात. म्हणतात, एवढं निवांत ठिकाण उभ्या लातुरात न्हाई. गुडघेही सैल झालेत. आता सांग, अक्कल कुणाची मोठी?

दाजींना म्हणावं, टिंगल समोर येऊन करा. तुझा लोभ आहेच, रागाच्या भरात तो आखडता घेऊ नको.

तुझा,
श्रीशैल

नांदेड,
१५ जानेवारी

चि. श्रीशैल,

तुझं पत्र वाचलं. अरे वेड्या, मी चांदीला भीत होते, तू तर त्याहून भयंकर करून ठेवलंस. अप्पांची पूजा कधी लवकर आटपली आहे? लिंग तळहातावर आलं की पूजा पुरी होईस्तोवर ते जागचे हलत नाहीत. आणि मधे कुणी हाक मारायची नाही. तुला आठवतं ना, स्वयंपाकघराच्या पडद्यानं पेट घेतला होता? अव्वानं एकटीनं घागर ओतून विझवला, पण पूजेतल्या अप्पांना हाक दिली नाही.

त्या धगीत फार वेळ बसू नका असं जिमच्या दारावरच लिहिलंय. अप्पांना चक्कर आली तरी ते उठणार नाहीत, आणि अव्वा हाक मारणार नाही. कळतंय का तुला?

तू फोन उचलेनास. अप्पांना लावला तर म्हणाले, शिवापुढं बसलेल्याला काय होतंय. अव्वा म्हणाली, पूजेत हाक मारायचं पाप माझ्याच्यानं होणार न्हाई. म्हणून उद्या पहिल्या गाडीनं तुझ्या दाजींच्या हाती हे पत्र पाठवतेय. वाचल्या वाचल्या घरी जा आणि तो हीटर बंद कर. भांडण मागून करू.

नीलम्मा

लातूर,
१९ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दाजींनी तुला सगळं सांगितलंच असेल, पण लिहिल्याशिवाय मला चैन पडेना.

दाजी दुकानात आले तेव्हा मी त्यांच्यासाठी चहा मागवत होतो. त्यांनी चहा राहू दे म्हणत पत्र पुढं केलं. मी ते अर्धंच वाचलं आणि पळत सुटलो. अव्वा सॉनाच्या दाराशी बसली होती, डबी मुठीत धरून. दाराच्या काचेतून तिला अप्पांची मान छातीवर पडलेली दिसत होती. डोळ्यांतून धारा चाललेल्या, पण तोंडातून शब्द नाही. ते ध्यानात आहेत, असं ती स्वतःला समजावत होती. मी दार उघडून अप्पांना बाहेर ओढलं. अंग चुलीसारखं तापलेलं, शुद्ध नव्हती. डाव्या हाताची मूठ मात्र घट्ट होती, लिंग खाली पडू दिलं नव्हतं. अक्का, मी लई घाबरलो गं.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, थोडा आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. यांना सॉनाही नको आणि स्टीमही नको, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बास. आपण दोघं कशावरून भांडत होतो, सांग.

शुद्धीवर आल्यावर अप्पा अव्वावर ओरडले, की दारात बसून बघत होतीस तर हाक का मारली न्हाईस. अव्वा म्हणाली, लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या सकाळी पूजेत हाक मारली होती, तुम्ही दिवसभर जेवला न्हाईत. त्यानंतर कधी मारली न्हाई. अप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मला तिथं उभं राहवेना.

काल त्यांना घरी आणलं. तू पुढच्या रविवारी ये, माझ्यावर तोंडभर चीड, मी ऐकून घेईन. पण ममता ठेव.

आज सकाळी अप्पा देवघरात पूजेला बसले, तर आधी अव्वाला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाले, मधे हाक मारत जा. अप्पांची पूजा सुरू झाली. मग काही काम नसताना तिनं हळूच अहो म्हटलं. अप्पांनी डोळे मिटलेलेच ठेवून, तळहातावर लिंग तसंच धरून, ओ दिली.

तुझा,
श्रीशैल