ताराची रोजची एकोणीस पानं

७ जानेवारी १९९६, रविवार. सकाळी ९:४०
घडलेलं, क्रमाने:
१. ताराच्या क्लासची पहिली चाचणी झाली. शंभरपैकी एकतीस.
२. तो कागद तिने दाखवला नाही. मी तिच्या दप्तरातून काढला.
३. आमचे वडील, आबा, म्हणाले, "तिले इचार तरी, तिले काय करनं शे."
४. विचारलं नाही. सतरा वर्षांच्या मुलीला विचारल्याने १२ मेची परीक्षा पुढे जात नाही.
५. आजपासून तिची तयारी माझ्याकडे.

कारण एकदाच लिहून ठेवते. १९९० साली याच इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत माझं जमलं नाही. बुद्धी कमी पडली नाही, पुस्तकं चुकली. म्हणून डिप्लोमा, आणि म्हणून उधन्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग हाउसची लॅब. तिथे मी साडीचा रंग ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजते. एक बहीण मोजता येणार नाही, असं मानायला आधार नाही.

१० जानेवारी, बुधवार
पुस्तकांच्या दुकानात अडीच तास. फिजिक्सची चार, केमिस्ट्रीची तीन, मॅथ्सची पाच पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. निकष: सोडवलेली उदाहरणं, आकृत्या, बांधणी. दुकानदार म्हणाला, "बेन, लेशो तमे, पण वांचशे कोण?" मी सांगितलं, वाचणार बहीण. "तो बेनने लेता आवो ने!" म्हणाला. बहिणीला दुकानात आणून तिचा वेळ घालवायचा नाही, हे त्याला कळणं शक्य नव्हतं.

तीन पुस्तकं घेतली. २१०९ पानं, ३० एप्रिलपर्यंत १११ दिवस. रोज एकोणीस. बाकी शून्य.

पद्धत आमच्या लॅबचीच. पॉलिएस्टर रंगवताना तापमान मिनिटाला दोन डिग्रीने चढवायचं, एकशे तीसवर पाऊण तास धरायचं, मग सावकाश उतरवायचं. ताराचं मार्चपर्यंत चढ, एप्रिलभर स्थिर, मेचे पहिले अकरा दिवस उतार. तक्ता भिंतीवर लावला. तारा बराच वेळ त्याच्याकडे पाहत होती. आवडला असावा.

२१ जानेवारी, रविवार
तारा पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहीत होती. दहावीपर्यंत मराठी शाळा, त्याचा परिणाम. एका पानावर तेवीस शब्द. हिशेबाने रोज पन्नास मिनिटं वाया. गेल्या रविवारी खोडायला सांगितलं. तिने सगळं खोडलं.
त्यानंतर आठवडाभर एकही शंका विचारलेली नाही. शंका संपल्या.

६ फेब्रुवारी, मंगळवार
शेजारच्या शोभाबाई जिन्यात भेटल्या. मूळच्या जालन्याच्या. प्रत्येक गोष्ट हात धरून सांगायची सवय. "अगं वर्षा, तुझी बहीण रोज संध्याकाळी गच्चीवर कठड्यापाशी उभी असती गं. हाक मारली तर ओ बी देत नाही."
तपासलं. गच्चीवर खोलीपेक्षा पस्तीस मिनिटं जास्त उजेड असतो. वेळ साधायचं तिचं तिला कळायला लागलं, हे चांगलं.

१८ फेब्रुवारी, रविवार
फिजिक्सचं पुस्तक बदललं. जुनं वाईट नव्हतं, पण नव्यात १४० उदाहरणं जास्त आहेत. चुकीच्या पुस्तकाने काय होतं ते मी भोगलं आहे. फिजिक्स पान १ पासून पुन्हा. आता ७३ दिवस, १९७१ पानं, रोज सत्तावीस. हा बदल शेवटचा.

तारा म्हणाली, "ताई, मी जुनं एकशे दहापर्यंत आणलं होतं." सांगितलं, ते ज्ञान डोक्यात आहेच. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

आमचे डाइंग मास्टर गोपाल पाटील यांना जेवणाच्या सुट्टीत तक्ता दाखवला. तेवीस वर्षांचा अनुभव, पण शिक्षण आठवी. म्हणाले, "वर्षाबेन, लॅबमध्ये रंगाची शेड जमली म्हणजे काहीच जमलं नाही. तुमच्या बीकरमध्ये पाच ग्रॅम कापड असतं. ते बिचारं कुठे जाणार?" उपमा अपुरी आहे.

५ मार्च, मंगळवार
ताराला कंपनीत बोलावून गोदामाच्या काट्यावर उभी केली. ४१ किलो. डिसेंबरमध्ये शाळेच्या तपासणीत ४५ होतं. दोन वेगळे काटे, फरक येणारच.

आई म्हणते, पोर ताटातली अर्धी भाकरी परत टोपल्यात ठेवते. "हाई काय चालनं शे घरमा?" असं मला विचारलं, जणू भाकरी मी ठेवते. पोट हलकं असलं की सकाळी झोप येत नाही, हे समजावलं. आई उठून गेली.

पुढच्या आठवड्यात बोर्डाची परीक्षा. तक्त्यात "अडथळा" या रकान्यात टाकली आहे.

३१ मार्च, रविवार
बोर्ड संपलं. तिला कसं गेलं ते विचारायचं राहिलं, कारण आज केमिस्ट्री आणि मॅथ्स दोन्ही बदलावी लागली. जुन्या केमिस्ट्रीत मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिकाच नव्हती. दुकानदाराने पुस्तकं बांधून देताना नुसतं माझ्याकडे पाहिलं.

उरलेली पानं १२३०, दिवस तीस. रोज एक्केचाळीस. वेगाचा आलेख वर जातो आहे. तत्त्वतः हेच अपेक्षित होतं.

समाधानाची बाब म्हणजे ताराची वही. रोजची तारीख, रोजची गणितं, एक दिवस चुकलेला नाही. अक्षराची उंची, शाई, दाब, सगळं एकसारखं. इतकं सातत्य मी आमच्या लॅबमध्येही पाहिलेलं नाही.

९ एप्रिल, मंगळवार
आई अचानक जुनं काढून बसली. म्हणाली, पुस्तकं कसाले बदनाम करस. तू त्या दिवशी पेपरमधून वीस मिनिटात बाहेर आली, घरी येऊन कोपऱ्यात बसली आणि तीन दिवस जेवली नाही. तेव्हा आबा रात्रपाळी सोडून तुझ्या उशाशी बसून होते, ते विसरलीस का?
आईची स्मरणशक्ती विश्वसनीय नाही. अडीच दिवस.

२३ एप्रिल, मंगळवार
सराव पेपर. वेळ लावून, खोलीचं दार बंद करून, मी बाहेर. शंभरपैकी शहाण्णव. जानेवारीत एकतीस!
उत्तरं तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत बरोबर, पुस्तकाच्या शेवटी छापलेली असतात अगदी तशी. कच्चं काम मागितलं, तर म्हणाली, तोंडी केलं. तोंडी! मला हे कधी जमलं नव्हतं.
आबांना लूमवरून आल्या आल्या सांगितलं. त्यांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "आंडेर शे ती, वर्षा. कापड नही." मुलगी आहे, हे मला माहीत आहे.

६ मे, सोमवार
उतार चालू. अभ्यास रोज फक्त दोन तास. तारा शांत आहे. आपली निळी ओढणी तिने शोभाबाईंच्या मुलीला, स्वातीला, देऊन टाकली. विचारलं, तर म्हणाली, "आता लागायची नाही मला." अनावश्यक गोष्टी बाजूला पडताहेत. एकाग्रता.

संध्याकाळी तिने चार महिन्यांत पहिला प्रश्न विचारला. "ताई, त्या शाळेला फाटकं किती आहेत?" परीक्षाकेंद्राबद्दल कुतूहल वाटणं हे तयारी पूर्ण झाल्याचं लक्षण. उद्या जाऊन पाहून येते.

७ मे, मंगळवार
दोन. एक रस्त्यावर, एक मागे एसटी स्टँडच्या बाजूला. सांगितलं.

१२ मे, रविवार
सकाळी ८:१०, केंद्रावर पोचलो. ८:२५, तारा पुढच्या फाटकातून आत. मागे वळून पाहिलं नाही. ९:००, घंटा.
१२:००, मुलं बाहेर. १२:३५, शेवटचा मुलगा बाहेर. १२:४०, पर्यवेक्षकांनी यादी दाखवली. ताराच्या नंबरापुढे "गैरहजर". बाक सकाळपासून रिकामा होता.
त्यांनी विचारलं, "घरे कंई थयेलुं?" काही झालं नव्हतं. तसं सांगितलं.

मग शोभाबाईंचं बोलणं आठवलं. रिक्षा केली. १:०५, गच्ची. कोणी नव्हतं. कठड्यावरून खाली पाहिलं. खालीही कोणी नव्हतं. पुन्हा पाहिलं. किती वेळा पाहिलं, त्याची नोंद नाही.

१३ मे, सोमवार
सकाळी ७:२०, शोभाबाईंच्या घरी फोन आला. इंदुबाई आत्या, बारडोलीहून. आत्याचे यजमान तिथल्या साखर कारखान्यात आहेत. तारा काल सकाळी अकराच्या एसटीने त्यांच्याकडे पोचली. बरी आहे. पोचल्यापासून झोपली आहे, मध्ये उठून दोनदा जेवली.
फोन आधी आईने घेतला, मग आबांनी. मी हात पुढे केला, तेव्हा आबांनी रिसीव्हर ठेवला. आत्याला वाटतं, सध्या नको.

दुपारी वही पाहिली. ३१ मार्चच्या मागची आणि पुढची पानं खिडकीशी धरली. एकसारखी शाई, एकसारखा दाब. अकरा जानेवारीपासून तीस एप्रिलपर्यंतच्या सगळ्या तारखा एकाच बैठकीत घातलेल्या आहेत. गणितं मागाहून भरली, तीही छापील उत्तरांवरून उलटी. मी दोन रंगांतला बारीकसा फरक दिवसातून चाळीसदा पकडते.
केमिस्ट्रीच्या नव्या पुस्तकाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

१९ मे, रविवार
आबा बारडोलीला जाऊन आले. मी पुढच्या वर्षीचा तक्ता तयार ठेवला होता. रोज अकरा पानं, समासात अर्थ लिहायला परवानगी. त्यांनी तो पाहिला नाही. तारा म्हणते, वर्षाताई घरात असेल तोवर येणार नाही.
हे विधान अतिशयोक्त आहे.

२४ मे, शुक्रवार
भिंतीवरचा तक्ता काढला. मागे चार चौकोनी डाग राहिले. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे." जेवायला हाक मारली. भूक नव्हती. ती ताट घेऊन शेजारी बसली.

३० मे, गुरुवार
आत्याच्या पत्त्यावर पाठवायचं पत्र. तीन मसुदे केले. पहिल्या दोन मसुद्यांत पुस्तकांची नावं होती. तिसरा:

"तारा,
वही पाहिली. तुला रागावणार नाही. तुझ्या वयात मीही पेपर सोडून बाहेर आले होते आणि सहा वर्षं दुसरंच कारण सांगत राहिले.
पुढच्या वर्षीचा तक्ता फाडला आहे. काय करायचं ते तू आबांना सांग. मला नंतर कळलं तरी चालेल.
सोमवारपासून मी दुपारची पाळी मागून घेतली आहे. दीड ते साडेदहा. सकाळी तू क्लासला किंवा बाहेर गेलीस, तर आपली गाठ फारशी पडणार नाही. रविवारी मी कुठेतरी जाईन.
घरी येतेस का? हो किंवा नाही, एवढंच पोस्टकार्डावर लिही. माझ्या नावाने लिहायचं नसेल तर आईच्या नावाने लिही.
उत्तर शनिवार, ८ जूनपर्यंत दे.
वर्षा"