पातूरच्या थंडीचा नीचांक

३ जानेवारी १९३८, सोमवार. सकाळी ६
थर्मामीटर ५२ फॅरनहाइट. संकल्प: निबंध पंधरा दिवसांत पुरा करणे. २२ तारखेला अकोल्याच्या विद्याविलास मंडळात माझं व्याख्यान. विषय, 'वऱ्हाडातील कडाक्याची थंडी: एक लोकभ्रम'. माझ्याकडे अठरा हिवाळ्यांची टिपणं आहेत. या गावात दुसऱ्या कुणाकडे अठरा दिवसांचीही नसतील.

५ जानेवारी
नत्थुजी आला. माझा पानमळा अर्ध्या वाट्यावर तोच बघतो. म्हणाला, "बाई, यंदा वारं काई ठीक नाई. वरच्या अंगानं गवताचे तट्टे बांधून घेऊ." पुरावा विचारला. म्हणे, तो लहान असताना एकदा सारा मळा एका रात्रीत काळा पडला होता. साल? "आमची भुरी म्हैस मेली ते साल." हे कोष्टकात कुठल्या रकान्यात घालू?
समजावलं: रोजच्या किमान तपमानाची सरासरी ५३, अठरा वर्षांतला नीचांक ४४. चव्वेचाळीसला पानवेल मरत नाही. सबब तट्टे नकोत. तो मान हलवत गेला. होकाराची नव्हती.

७ जानेवारी
थर्मामीटर ५०. शेजारचे दोन मळेवाले माझं मत विचारायला आले. सांगितलं. तेही तट्टे बांधणार नाहीत. शिक्षणाचा उपयोग होतो तो असा.

९ जानेवारी
भाची सिंधू अमरावतीच्या कॉलेजातून आली. सायन्स घेतलंय. आल्या आल्या म्हणाली, "मावशी, थर्मामीटर ज्या भिंतीला आहे तिच्या मागेच न्हाणीतला बंब पेटतो." अठरा वर्षं तो तिथेच आहे, म्हणूनच तुलना निर्दोष आहे, असं सांगितलं. बंब पहाटे पाचला पेटतो, हे तिला सांगायची गरज नव्हती.

११ जानेवारी. रात्री
सिंधूशी वाद. तिचं म्हणणं, सरासरी रोजच्या दिवसांची असते. वेल मारायला एकच दिवस लागतो. म्हणून दर वर्षाचा सगळ्यांत थंड दिवस तेवढा वेगळा काढायचा. असे आकडे माझ्याकडे फक्त अठरा. पुढच्या वर्षी त्या सगळ्यांच्या खाली जाण्याची शक्यता एकोणिसात एक. आणि किती खाली, ते हे आकडे सांगत नाहीत. एकोणिसात एक! ही लॉटरीवाल्यांची भाषा. मी १९११ची बी. ए. आहे, गणित घेऊन.

१६ जानेवारी
४७. निबंध पुरा. शेवटचं वाक्य: 'चव्वेचाळीसच्या खाली पातूरला जाता येत नाही.' सिंधूने वाचलं. "कोणी अडवलंय?" असं विचारलं. तिला उद्याच्या मोटारीने परत पाठवते.

१९ जानेवारी
४३. एक अंश. किरकोळ. निबंधात '४४'च्या आधी 'सुमारे' घातलं. नत्थुजी पुन्हा तट्ट्यांचं विचारायला. तीन दिवसांवर व्याख्यान असताना माझ्याच मळ्यात तट्टे उभे राहिले तर लोक काय म्हणतील? "लोक नाई, वेल पाहा बाई," म्हणाला. घालवून दिला.

२० जानेवारी
३८. भिंतीशी. बाहेर किती होतं, देव जाणे. अंगणातलं गवत पांढरं. नऊ वाजेपर्यंत सगळा मळा उकडलेल्या पालकासारखा. शेजारच्या दोघांचाही. ते माझ्या दारावरून गेले. नमस्कार नाही.

२२ जानेवारी
मंडळाच्या चिटणीसांचं पत्र: कडाक्याच्या थंडीमुळे सभासद घराबाहेर पडत नाहीत, सबब व्याख्यान उन्हाळ्यात घ्यावं. शिकलेल्या माणसांची ही सहनशक्ती.

२४ जानेवारी
विचारांती ३८चा आकडा संशयास्पद ठरवून वहीतून खोडला. नीचांक ४३. सिद्धांत शाबूत.
आकडा खोडून वेल मात्र परत येत नाहीत. कुंपणापलीकडे नत्थुजीच्या स्वतःच्या चार ओळी आहेत. पाच तारखेलाच त्याने त्यांना तट्टे बांधले होते, मला न विचारता. हिरव्यागार आहेत. लागवडीचं बेणं मागायला मलाच जावं लागलं. तो वेल बांधत होता. वर न बघता म्हणाला, "किती पाह्यजे, बाई? सरासरी सांगा."
उर्मट माणूस. पण गावात बेणं दुसऱ्या कुणाकडे उरलेलं नाही. शेजारचे दोघे माझ्या आधीच येऊन उभे होते. त्यांच्यामागे उभी राहिले.