खरा आकडा

गुरुवार, १४ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तू दर रविवारी फोन करतोस, मी दर रविवारी बरा असतो, आणि दोन मिनिटांत आपलं बोलणं संपतं. म्हणून आज पत्र. फोनवर तुझा आवाज आला की माझ्या तोंडून ‘बरा आहे’ आपोआप बाहेर पडतं. कागदावर तेवढी घाई होत नाही.

आधी बातम्या. दुकान चालू आहे. शिलाई मशीनला पायाऐवजी कोपराने दाबायची कळ बसवून घेतली. नवं शिवायला कमी येतं, उसवणं-आवळणं जास्त. लोक जाड होतात, बारीक होतात, माझं भागतं. शेजारचा चष्मेवाला सकाळी शटर वर करून देतो, संध्याकाळी खाली ओढतो. दिवसभरात माझ्याशी बोलणारं ते शटर आणि तो, एवढेच. त्यातही शटर जास्त बोलतं.

एक गंमत सांगतो. हसलास तरी चालेल. हिवाळ्यात एक पँट मांडीवर घेऊन तिला कच्चे टाके घालत होतो. झाल्यावर उचलायला गेलो, तर पँट येईना. जोर लावला तर माझा पायच वर आला. तीन टाके माझ्या पँटीतून गेले होते आणि चौथा थेट कातडीतून. पत्ताच नाही! बेंबीच्या खाली मला काही कळत नाही, हे तुला माहीत आहे. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, पण गिऱ्हाईकाच्या कपड्याला स्वतःला शिवून घेणारा मीच पहिला असेन.

दवाखान्यात व्यायाम करवून घेणाऱ्या ताईंनी जखम पाहिली आणि झापलं. “शिवताना डोळे कुठे होते?”

“मिटले होते.”

“का?”

“दुखत होतं म्हणून.”

“कुठे?”

“पायात.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. सुई घुसली ती कळली नाही, आणि पाय दुखतात म्हणे. पण तसंच आहे, धाकट्या. पडल्यानंतर चौथ्या महिन्यात सुरू झालं. तापलेली इस्त्री कुणीतरी पोटऱ्यांवर ठेवावी आणि विसरून निघून जावं, तसं. पाठीतल्या तुटक्या नसा खोटे निरोप पाठवतात, असं डॉक्टर म्हणतात. निरोप खोटा असेल, भाजणं खरं असतं. गोळ्यांनी गुंगी यायची. एका कोटाची बाही त्यात वाया घालवली, तेव्हा गोळ्या कमी करून घेतल्या.

हे तुला आजपर्यंत सांगितलं नव्हतं. त्याकडे येतो.

ताईंनी मग मला त्याच दवाखान्यातल्या सुईवाल्या बाईंकडे धाडलं. केसासारख्या बारीक सुया. कानात, हातांवर, डोक्यात, पाठीत जिथे समज आहे तिथे, आणि थोड्या पायांवरही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, “बाई, हिला नेढंच नाही. दोरा कुठून ओवता?” त्या म्हणाल्या, “मास्तर, दोरा तुम्ही आणायचा.” त्यांनी कबूलही केलं की कुणाला याने उतार पडतो, कुणाला नाही, आधी सांगता येत नाही.

सुया लावल्या की वीस मिनिटं तसंच पडून राहायचं. त्या स्टुलावर बसतात आणि अधूनमधून मनगटावर दोन बोटं ठेवतात. सुरुवातीला विचारतात, “आज आकडा किती?” शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. पहिल्या दिवशी मी आठ म्हणालो, आणि ते खरं होतं.

सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत तो सहावर आला, कधी पाच. सुयांमुळे, की ती वीस मिनिटं कुणीतरी जवळ बसतं म्हणून, देव जाणे. पण आकडा उतरला की फेऱ्या कमी करायच्या, हा त्यांचा नियम. काहीच फरक नसेल तर बंद. म्हणून मी एका आठवड्यात आठ सांगायचो, पुढच्या आठवड्यात साडेसात. फरक आहे, पण फार नाही. गिऱ्हाईकाला ‘उद्या या’ म्हणण्यात जन्म गेला, तेच कसब इथे वापरलं.

तुझी वहिनी गेल्यापासून माझ्या मनगटाला दुसऱ्या कुणाचं बोट लागलं नव्हतं रे. एवढंच कारण.

मागच्या मंगळवारी पकडला गेलो. बाईंच्या कोटाचं अस्तर उसवलं होतं, ते शिवून नेलं. त्यांनी कोट उलटा करून खिडकीशी धरला.

“हे कधी शिवलंत?”

“काल.”

“काल आकडा किती होता?”

“आठ.”

“आठ आकड्याचा माणूस असे टाके घालतो? इतके सरळ?”

त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. सुया लावून झाल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “मला फुगवून सांगता. घरी काय सांगता?”

“घरी कोण आहे?”

“कुणीतरी विचारत असेलच.”

मी म्हटलं, धाकटा भाऊ विचारतो. रविवारी.

“त्याला काय सांगता?”

“शून्य.”

त्यांनी बोटं मनगटावर ठेवली. आता महिन्यातून एकदाच बोलावलं आहे. निघताना म्हणाल्या, “मास्तर, खरा आकडा एका तरी माणसाला सांगा.”

तुला जपण्यासाठी शून्य सांगतो, असं मी स्वतःला समजावत आलो. ते खरं नाही. दुखतं म्हणालो असतो तर तू पहिल्या गाडीने आला असतास, समोर बसला असतास, आणि तुझ्या तोंडाकडे बघून मला एक गोष्ट बोलावी लागली असती.

त्या दिवशी तू दोन्ही हातांनी शिडी धरली होतीस. दुकानाच्या पाटीचा उजवा खिळा ठोकून झाला होता. मी वरून म्हणालो, “रस्त्यापलीकडे जाऊन बघ, सरळ आहे का.” तू म्हणालास, “आणि शिडी?” मी म्हणालो, “शिडीला काय धाड भरलीय? जा.” तू गेलास.

दवाखान्यात तू सगळ्यांना सांगितलंस, “मी शिडी सोडली.” पुढचं अर्धं मी सांगायचं होतं. आत्या तुला दारातच म्हणाली, “भावाच्या जिवावर उठलास.” ते मला आत ऐकू आलं. मी डोळे मिटून घेतले. सगळ्यांना वाटलं, मला झोप लागली. तीन वर्षं मी तसाच झोपलोय. तू मात्र गाव सोडलंस आणि एकदाही म्हणाला नाहीस की दादानेच सांगितलं होतं.

आत्याला वेगळं पत्र लिहिलं आहे, सगळं लिहिलं आहे. दोन्ही पाकिटं एकदमच टाकतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. तिची काय ती बोलणी आता मी खाईन.

पाटी अजून तशीच आहे. डावीकडून चष्मेवाल्याने तारेने बांधून ठेवली आहे. गिऱ्हाईकं म्हणतात, “मास्तर, पाटी तिरकी आहे.” मी म्हणतो, “माहीत आहे.” ती सरळ करायला एक माणूस चढेल, दुसरा शिडी धरेल, दोघं मी ठरवतो. पण पलीकडच्या कडेला उभं राहून ‘सरळ आहे’ म्हणणारा मला दुसरा कुणी नकोय.

ये म्हणायचा हक्क मी घालवला आहे. तेव्हा एवढंच, की रविवारी फोन केलास तर ‘दुखतं का’ विचारू नकोस. ‘किती’ विचार.

आज सात. लिहायला बसलो तेव्हा सहा होता.

ज्याने तुला ‘जा’ म्हटलं, तो तुझा
दादा