गाढवाची वकिली

सोम., ३ मार्च
आमच्या इथल्या जपानी कंपनीने फ्रान्समधला एक फुटबॉल क्लब घेतलाय, आणि त्याचं अ‍ॅप माझ्या गळ्यात. आज साहेबांनी, कोंदो-सानांनी, क्लबचं नवं बोधचिन्ह दाखवलं. निळा गोल, आत एक अक्षर. एखाद्या बँकेचं वाटतं. जुन्यावर चक्क गाढव आहे! ते जाणार. "दुबळं दिसतं," म्हणे. मला काय, आयकॉन बदलायचा, झालं. येताना ओजिमाच्या भारतीय दुकानात मेथी मिळाली, बऱ्यापैकी कोवळी.

बुध., ५
अ‍ॅपमधल्या इतिहासाच्या पानासाठी क्लबच्या मादलेनबाईंशी व्हिडिओवर बोलले. सत्तरीच्या, तिथल्या जुन्या वस्तूंची खोली सांभाळतात. त्यांचं इंग्लिश माझ्या जपानीसारखं, म्हणजे मोडकं पण धीट. क्लबचे पहिले खेळाडू मिठागरांतले मजूर. शहरातले लोक "गाढवं आली!" म्हणून ओरडायचे. यांनी पुढच्याच सामन्याला शर्टावर गाढव शिवलं. वा! असा खवचटपणा पुण्याबाहेर पहिल्यांदाच पाहिला.

पुढे क्लब कर्जात बुडाला, देणेकऱ्यांनी सगळं नेलं. मैदान गेलं, नाव गेलं, जर्सीचा रंगसुद्धा गेला. "गाढव कोणी मागितलंच नाही, म्हणून तेवढं आमचं राहिलं." त्याच्यावरच गावाने क्लब पुन्हा उभा केला, पार तळाच्या डिव्हिजनपासून. मग बाईंनी विचारलं, "तुम्ही लोक ते काढणार नाही ना?" मी म्हटलं, बघते. फोन ठेवल्यावर जुन्या गाढवाचा फोटो शोधून काढला.

मंदारला सांगितलं तर नवरोबा म्हणतात, "आता गाढवासाठी भांडणार तू?" हो, भांडणार! लेकीने, रेवाने, फोटो बघून "कावाई!" म्हटलं, म्हणजे कित्ती गोड. घरात एक मत तरी आपलं.

शुक्र., ७
भांडले. मीटिंगमध्ये, सगळ्यांदेखत, स्लाइड्स लावून. शेवटी कोंदो-सान म्हणाले, "विचार करू." मी खूश! बाहेर आल्यावर शेजारच्या टेबलावरच्या साकाई-सानने हळूच सांगितलं, तो नकार होता. आणि सगळ्यांसमोर बोलायचं नसतं. आधी एकेकाला गाठून पटवायचं, मीटिंग नुसती माना डोलवायला. अगं बाई गं. इतकी वर्षं इथे राहून...

रात्री हसू आलं. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत दुसरं काय असतं? मुलाच्या मामाला आधीच गाठून ठेवलेलं असतं. हे तर मला झोपेतही जमायला हवं होतं.

मंगळ., ११
काल-आज नुसत्या गाठीभेटी. मार्केटिंगवाल्यांना कॉफी मशीनपाशी धरलं, डिझायनरबाईंना जेवायला नेलं. त्या म्हणाल्या, "गोल मलाही नव्हता आवडला. पण कोणी विचारलंच नाही." घ्या!
राहिले कोंदो-सान. शुक्रवारच्या मीटिंगच्या आत गाठायला हवं.

बुध., १२
स्टेशनपर्यंत त्यांच्याबरोबर चालले. वाद नाही, स्लाइड नाही, फक्त मादलेनबाईंची गोष्ट सांगितली. तिकीट-गेटपाशी थांबून त्यांनी विचारलं, "खरंच कोणी मागितलं नाही?" म्हटलं, "कोणीच नाही." मान हलवली आणि गेले. हो की नाही, देव जाणे. साकाई-सानलाही ओळखता येईना.

शुक्र., १४
मीटिंग चहा गार व्हायच्या आत आटोपली. कोणी वाद घातला नाही, मीसुद्धा तोंड शिवून बसले (मंदारचा विश्वास बसत नाहीये). ठरलं एवढंच की दोन्ही नमुने फ्रान्सला जाणार, गोल आणि गाढव. निकाल तिकडचं मंडळ देणार. कधी, माहीत नाही. सगळे उठले. कोंदो-सान मात्र गाढवाचं चित्र घेऊन डिझायनरबाईंकडे गेले आणि त्यावर बोट ठेवून म्हणाले, "कान जरा मोठे करा."

संध्याकाळी मादलेनबाईंचा मेसेज, काय झालं?
लिहिलं: अजून काही ठरलं नाही. पण आमच्या साहेबांना कान मोठे हवेत.