साडेएकोणचाळीस

३ जून, मंगळवार

निकाल लागला आणि माझ्या डोक्याला ताप झाला! कॉलेजचा निकाल लावणारा जुना प्रोग्राम यंदा मी नव्या भाषेत उतरवला. तीन महिने घासली. आणि आज पापनाशम गावची विद्यार्थिनी अखिला वडिलांना घेऊन दारात उभी! दोन परीक्षकांचे मार्क एकोणचाळीस आणि चाळीस. सरासरी साडेएकोणचाळीस, पास व्हायला हवेत चाळीस. "सार, मागल्या वर्षी माझ्या अक्काचे एवढेच होते. ती पास. मी कशी फेल?" सोमवारपर्यंत पास झाल्याचा कागद दिला नाही तर चेन्नईची नोकरी जाणार. बघतो म्हटलं.

४ जून

सापडलं. जुन्या भाषेतलं 'सीइंट' हे फंक्शन साडेएकोणचाळीसचे चाळीस करतं. मी त्या जागी 'इंट' लिहिलं — ते अर्धा सरळ छाटतं! आकडा असा पूर्ण करण्याला कोणी कास्ट म्हणतं, कोणी कन्व्हर्जन. एखादी भाषा तर न सांगताच आकडा बदलते आणि त्याला कोअर्शन म्हणते. एका जागी बसून ठरवायला या भाषा बनवणाऱ्यांना काय धाड भरली होती? पण चिडू कोणावर? तपासायचं काम माझं होतं. अकरा पोरं नापास झाली, माझ्यामुळे.

गायत्रीला सांगितलं. बायको याच कॉलेजात शिकली, आता तिरुवैयारूच्या सरकारी शाळेत गणित शिकवते. "अर्धा मार्कच नव्हें कां? जाऊन सांगा, माझं तप्पु म्हणून."

चूक माझी म्हणून सांगा म्हणे! माझं कंत्राट जुलैत संपतंय.

५ जून

कॉलेजात नाही सांगितलं. घरात देवनागरी मला एकट्यालाच वाचता येते, म्हणून इथे तरी कबूल करतो.

६ जून

अखिलाने अर्ज दिला म्हणून परीक्षा विभागाच्या कंट्रोलर सारांनी बोलावलं, जुन्या-नव्या प्रोग्रामातल्या ओळी दाखवायला लावल्या. "दोन्हीकडे इंटच ना? मग फरक कसा?" वीस मिनिटं समजावलं — पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी वैतागले. "एका शब्दात सांगा. कुठला प्रोग्राम बरोबर?"

नियमांच्या पुस्तकात अर्ध्या मार्काबद्दल अक्षर नाही. आजवर चाळीस धरत आले, एवढंच. आणि मी काय बोललो? "नवा, सार. जुना उगाच वाढवून देत होता."

सार खूश. अखिलाचा अर्ज तिथल्या तिथे फेटाळला. कंत्राट वाचलं बहुतेक. स्वतःची लाज वाटते.

७ जून

काल सारांकडचं सांगितलं, तेव्हापासून गायत्री धड बोलत नाही. "त्या पोरीला तोंड कसें दाखवतां?" एवढंच म्हणाली. उलट ओरडलो. जेवलो नाही.

९ जून, सोमवार

अखिलाची मुदत संपली. दोनदा फोन आला. उचलला नाही.

दुपारी सारांचा निरोप. "जुना चुकीचा होता म्हणालात ना? मग गेल्या पंधरा वर्षांचे निकाल नव्या प्रोग्रामातून काढा. जे फेल होतील त्यांच्या डिग्र्या परत मागवू." थट्टा वाटली. नव्हती! आता अडवू तरी कसा? जुना चुकीचा होता हा माझाच शब्द!

१० जून

दोनशे चौदा नावं निघाली. न वाचताच सारांना पाठवली.

बासष्टावं नाव गायत्रीचं आहे.