मानाच्या बैलापुढे गेलेली बोट

कटंगी, तान्हा पोळा, १९७४. संध्याकाळ.

माफी मागणार नाही. काहून मागू?

नौदलात अर्धी जवानी बॉयलरपाशी काढली. आता तेल महागलं म्हणून जहाजं धक्क्याला बांधून ठेवतात, असं ऐकतो. मी तेव्हाच म्हणत होतो, इंजिन राहू द्या, पण सोबत शीडही लावा, वारा फुकट आहे. साहेब खो खो हसले होते.

आज सगळी पोरं लाकडी बैल घेऊन तोरणापाशी आली. माझ्या पोरीनं, सुमनने, मी केलेली लढाऊ बोट आणली. चाकं तिच्या जुन्या बैलाची, शीड माझ्या वडलांच्या धोतराचं. गावचे पटेल ओरडले, "बैल कोठी आहे?"

मी म्हटलं, "बैल तेल पेते काय? हे बी नाई पेत. मंग राहू द्या रांगेत!"

लोक हसले, बोट राहिली. पण तोरण तोडून मानाचा बैल पहिला जायच्या आधीच वारा सुटला. धोतर टम्म फुगलं आणि पटेलांच्या मानाच्या बैलाला मागे टाकून बोट तोरणाखालून पार! चाकाखाली दगड ठेवायचा राहिला, ती चूक माझीच, कबूल. पण तिला ढकललं कोणी?

बायको म्हणते, "पटेलले हात जोडा अन् ते धोतर काढा."

धोतर निघणार नाही. साहेबांनी हसण्यावारी नेलेली गोष्ट आज अख्ख्या कटंगीनं डोळ्यांनी पाहिली. पटेलांना माफी हवीच असेल, तर वाऱ्याला बोलवावं चावडीवर.